मदत हवी आहे: होमस्टेच्या पाहुण्यांना मालवणातल्या खानावळी-दुकानांबद्दल खरं लिहून द्यायचंय, पण कसं लिहू?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही मालवणात राहतो, बाजारपेठ चालत दहा मिनिटांवर. घराच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, तीन वर्षं झाली आता. सकाळची न्याहारी आई करते, घावणे-चटणी नाहीतर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, पण दुपारचं-रात्रीचं जेवण आम्ही ठेवलेलं नाही, कारण आईला हल्ली तेवढं उभं राहवत नाही आणि मी दहा ते पाच नोकरीला. त्यामुळे रोज बाराच्या सुमारास फोन ठरलेला, "ताई, मासे कुठे चांगले मिळतील?" आणि संध्याकाळी दुसरा, "ताई, कोकम-काजू कुठून घेऊ?" म्हणून ठरवलं की एकदाच नीट कागद लिहून दोन्ही खोल्यांत लावायचा. लिहायला बसले आणि अडकले. तीन-चार ठिकाणी अडकलेय, तुम्ही सांगा.

पहिलं आमच्या गल्लीतल्या काकूंच्या खानावळीचं. बोर्ड नाही, घराच्या पडवीत पाच टेबलं, दर खडूने पाटीवर लिहिलेले. काकू सकाळी स्वतः बाजारात जाऊन मासळी आणतात आणि जे चांगलं दिसेल तेच त्या दिवशी. सुरमई असेलच असं नाही. बांगड्याचं तिखलं तिरफळं (उग्र वासाचं मसाल्याचं फळ) घालून, पेडव्यांचं सुकं, मिळाले तर मुडदुशे (लहान मासे) तळलेले. आम्ही घरी जे खातो तेच. माझं प्रामाणिक मत सांगू का, मोठ्या हॉटेलांच्या थाळीत सगळीकडे तीच सुरमई, तीच लाल ग्रेव्ही, सकाळीच करून फ्रीजमध्ये ठेवलेली सोलकढी, आणि पाहुणे घरी जाऊन सांगतात मालवणी जेवण जेवलो. मला याचं खरंच वाईट वाटतं. बांगडा-पेडव्यासारख्या तेलकट मासळीला तिरफळाचा वास लागला की काय होतं ते त्यांना कळतच नाही. (कागदावर हेही लिहिणार आहे की तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं. मागच्या दिवाळीत एका मुलाने चावलं आणि जीभ बधिर झाली म्हणून रडायला लागला.)

तर काकूंचं नाव लिहावंसं वाटतं, पण मे महिन्यात मी दोन दिवस लागोपाठ सगळ्यांना तिकडेच पाठवलं तर काकू मला म्हणाल्या, "बाय, माका पंचवीस पानां वाढूक जमतत, पन्नास धाडू नको." त्यात दोन वाजता मासळी संपली म्हणून परत पाठवलेल्या एका कुटुंबाने त्यांना नको ते ऐकवलं. म्हणजे मी भलं करायला गेले आणि त्रास त्यांना झाला. मग लिहू की नको?

दुसरं म्हणजे तारकर्ली रस्त्याकडचं एक मोठं हॉटेल, नाव लिहीत नाही. जेवण वाईट नाही, खरं सांगायचं तर तिथली कोलंबी चांगली असते, पार्किंग आहे, म्हाताऱ्या माणसांना बसायला खुर्च्या नीट आहेत. पण मेनूकार्डावर माशापुढे दर नाही, 'साइजप्रमाणे' एवढंच. आमच्याकडे उतरलेल्या नाशिकच्या सहा जणांना जेवण झाल्यावर बिल बघून धक्का बसला आणि राग निघाला आमच्यावर, तुम्ही आधी सांगायचं होतं म्हणून. बरोबरच होतं त्यांचं.

तिसरं सगळ्यात अवघड. बाजारातलं एक दुकान, कोकम, काजू, खाजा, मसाले वगैरे. मालक माझ्या शाळेतला, एका बाकावर बसलोय. त्याचा खाजा खरंच चांगला, आंगणेवाडीच्या जत्रेत मिळतो तसा, गुळाचा पाक नीट चढलेला आणि आल्याचा वास असलेला. पण मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या एका ताईंनी तिथून आगळाची, म्हणजे सोलकढीसाठीच्या मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाची, बाटली नेली आणि घरी जाऊन फोन केला की सोलकढी भडक गुलाबी झाली आणि आंबटपणाच नाही. आधी मला वाटलं कोकम सिरप घेतलं असेल, कारण ही गडबड नेहमीचीच आहे, लोक साखरेचं अमृत कोकम नेतात आणि त्यात नारळाचं दूध ओततात. पण नाही, फोटो पाठवला त्यांनी, बाटलीवर 'आगळ' असंच लिहिलंय, खाली तारीख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. खरं आगळ काळपट लाल, खारट आणि आंबट, मीठ भरपूर असल्यामुळे वर्षभर टिकतं. हे काहीतरी वेगळंच होतं.

आता हे कागदावर लिहिलं तर तो दुखावणार आणि मालवण केवढंसं, दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला माझी आई देवळात भेटणार. नाही लिहिलं तर उद्या पुन्हा कोणीतरी माझ्या घरी उतरून तीच बाटली घेणार. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

शेवटचं, जून-जुलै. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीही पावसाळ्यात बंद असते, तरी लोक येतात, पाऊस बघायला येतात आणि आल्या आल्या सुरमई मागतात. त्यांना काय खायला सांगू? आणि शाकाहारी लोकांसाठी रात्री नऊनंतर जेवायला जागा कोणाला माहीत असेल तर तेही सांगा, पनीरच्या भाजीशिवाय काही मिळेल अशी.

*

प्रतिसाद: ताई, मी कुडाळचा. आगळाचं आधी तपासून घ्या मग बोला. बशीत चमचाभर आगळ घ्या, थोडं पाणी घाला आणि चिमूट चिमूट खायचा सोडा टाकत जा. फेस येईल तो येऊ द्या. कोकमाचा नैसर्गिक रंग असेल तर लाल जाऊन निळसर-हिरवट काळपट होतो. कृत्रिम रंग घातला असेल तर बहुतेक तसाच लाल राहतो. घरी चांगलं आगळ असेल तर दोन्ही शेजारी ठेवून करा म्हणजे फरक दिसेल. आणि पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, तारीख, किंमत आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी नंबर हवाच. पाहुण्यांना एवढंच शिकवा की नंबर आणि तारीख बघा. कोणाचं नाव घ्यायची गरजच नाही. फारच फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

प्रतिसाद: वेंगुर्ल्यात आमची बारा वर्षं खानावळ होती म्हणून लिहितोय. खानावळवाल्याक गर्दीचो त्रास नसता, न सांगता इलेल्या गर्दीचो असता. सकाळी मासळी घेऊक जायच्या आधी आकडो कळलो तर तेवढी मासळी येता. तुमच्या पाहुण्यांका आदल्या रात्री विचारा, कोण जेवणार, किती जण, आणि काकूंका सात वाजता फोन करा. कागदावर त्यांचा नाव घालू नका, 'घरगुती जेवण हवं असल्यास आदल्या रात्री आम्हाला सांगा' एवढांच लिवा. म्हणजे किती पानां धाडायची ता तुमच्या हातात रवता.

प्रतिसाद: मी पुण्याची, दरवर्षी कोकणात येते. पाहुणी म्हणून सांगते, आम्हाला महाग चालतं, पण आधी कळलेलं हवं असतं. त्या हॉटेलबद्दल सरळ लिहा की मासा आधी बघायला मागा, दर विचारा, मग ऑर्डर द्या. यात बदनामी कुठे आली? आणि काजूबद्दलही लिहा प्लीज, आम्ही दरवेळी मोठे मोठे काजू बघून घेतो आणि घरी चव लागत नाही.

मी (धागा काढणारी): सगळ्यांचे मनापासून आभार. वेंगुर्ल्याचे दादा, तुमची युक्ती मला सुचलीच नव्हती, कालपासून सुरू पण केली. पुण्याच्या ताई, काजूचं असं की पाकिटावर ३२०, २४० असे आकडे असतात ते म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात, आकडा लहान तेवढा गर मोठा. मोठा म्हणजे चविष्ट असं अजिबात नाही. कच्ची बी बाहेरच्या देशांतूनही येते आणि इथल्या कारखान्यांत फोडली जाते, मग तीही कोकणातले काजू म्हणूनच विकली जाते. आपल्याकडची बी कुठली ते दुकानदाराला विचारा, आणि सालीसकट भाजलेले चार दाणे खाऊन बघा. गोडसर लागले तर घ्या.

प्रतिसाद: जून-जुलैसाठी. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नसते पण समुद्र खवळलेला, म्हणून माल थोडा. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते, त्यानंतर हॉटेलात ताजी म्हणून दिसणारी मोठी मासळी बर्फातून लांबून आलेली असू शकते, हे पाहुण्यांना सांगायला हवं. त्यापेक्षा खाडीतलं जे मिळेल ते, तिसऱ्या (शिंपले), आणि सुकी मासळी. सुक्या बांगड्याची किसमूर आणि कुळथाची पिठी, सोबत गरम भात, बाहेर पाऊस. सुरमई कोणाला आठवणार नाही. शाकाहारी लोकांना टाकळा, फोडशी, अळू अशा पावसाळी पालेभाज्या. पण हॉटेलात मिळत नाही हे, कोणाच्या तरी घरीच.

*

मी: आठ दिवसांनी परत लिहितेय कारण काय झालं ते सांगायला हवं.

सोड्याचा प्रयोग केला. आईने मे महिन्यात घातलेलं आगळ एका बशीत, त्या दुकानातून मी स्वतः जाऊन आणलेली बाटली दुसऱ्या बशीत. आईचं बघता बघता निळसर काळं झालं. दुसरं फेसाळलं आणि लालच्या लाल. आई काही बोलली नाही, बशी उचलून मोरीत ओतली फक्त.

रविवारी दुपारी दुकान बंद व्हायच्या वेळेला गेले. माझ्या बाजूने सांगते, मी आवाज चढवला नाही, बाटली काढून ठेवली आणि म्हटलं तुझ्याकडे सोडा आहे का. आधी तो चिडला, म्हणाला तुला काय दोन खोल्यांचं पडलंय, माझ्याकडे चार माणसं कामाला आहेत. मग त्यानेच दोन बश्या काढल्या आणि बघून बराच वेळ गप्प बसला. माल तो बाहेरून पाच पाच लिटरच्या कॅनमध्ये घेतो, स्वतः बाटल्या भरतो. त्याची आई घालायची तोपर्यंत घरचं होतं, ती थकल्यापासून बाहेरचं. हे मला माहीतच नव्हतं. उरलेला माल परत करतो म्हणाला, पण काल जाताना बघितलं तर त्या बाटल्या फळीवर होत्याच. कमी झाल्यात की नाही ते सांगता येत नाही. पुढच्या कोकमाच्या हंगामात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, आमच्या वाडीतल्या तीन-चार घरांचं आगळ त्याच्या दुकानात ठेवायचं असं आईने परस्पर त्याच्या आईशी बोलून टाकलंय. त्यासाठी एफएसएसएआयची नोंदणी करावी लागेल, छोट्या उलाढालीला साधी नोंदणी चालते असं वाचलं. घरच्या घरी आगळ विकणाऱ्या कोणी ती केली असेल तर काय काय कागद लागले ते कृपया लिहा.

कागदही झालाय. त्यात त्याच्या दुकानाचं नाव खाजासाठी लिहिलंय, कारण खाजा खरंच चांगला आहे, आणि आगळाखाली लिहिलंय 'तारीख, पत्ता आणि नंबर नसेल तर घेऊ नका, आमच्या घरी विचारा'. हॉटेलाचं पुण्याच्या ताईंनी सांगितलं तसंच लिहिलं. काकूंचं नाव कुठेच नाही, तरी परवा त्यांच्याकडे सकाळी सात वाजता नऊ पानांचा आकडा गेला आणि नऊच्या नऊ जण वेळेत जेवून आले.

फक्त रात्रीच्या शाकाहारी जेवणाचं अजून सापडलेलं नाही. पुढच्या शनिवारी सोलापूरचे चौघे येतायत, दोघे जैन, बस रात्री साडेनऊला पोचते. मालवणात किंवा कुडाळहून येताना वाटेत कुठे कांदा-लसणाशिवाय गरम जेवण मिळत असेल तर शुक्रवारच्या आत सांगा.