जीएसटी परताव्यांवर खासदारांमार्फत अर्थमंत्रालयाला प्रश्न: मजकूर कसा असावा?

वस्त्रनगरीकर

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीत करसल्लागार आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक छोटे यंत्रमागधारक. पॉलिस्टरचं सूत घेताना १२ टक्के जीएसटी भरायचा, कापड विकताना ५ टक्के लावायचा. मधला फरक क्रेडिटमध्ये, म्हणजे आधी भरलेल्या कराच्या जमेत, साचत जायचा आणि त्याचा परतावा मागावा लागायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुताचा दरही ५ टक्के झाला, त्यामुळे पुढचं दुखणं बरंच कमी झालं. मागचे परतावे मात्र अजून अडकून आहेत.

कायद्यात ६० दिवस लिहिलेत. आमच्या भागातल्या एका कार्यालयात अर्ज टाकला की पंधरवड्याच्या आत त्रुटीपत्र येतं. कागद जोडून पुन्हा अर्ज करायचा, की पुन्हा नवी त्रुटी. स्वतःचे पैसे सरकारकडे पडलेले असताना माणसं दिवाळीचा बोनस द्यायला व्याजाने रक्कम उचलतात. हे बघवत नाही.

आमच्या खासदारांच्या कार्यालयात गेलो होतो. स्वीय सहायकांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रश्नाचा मसुदा लिहून द्या, पुढच्या अधिवेशनाला देऊ." मी असं लिहिलंय:

"इचलकरंजी येथील यंत्रमागधारकांचे जीएसटी परतावे मोठ्या प्रमाणावर प्रलंबित आहेत हे खरे आहे काय, त्याची कारणे काय आणि सरकारने याबाबत कोणती पावले उचलली आहेत?"

बरोबर आहे का? तारांकित द्यावा की अतारांकित? आणि यातून खरंच काही हाती लागतं का?

अभ्यासिका_सातारा

तारांकित द्या. तोंडी उत्तर मिळतं आणि वर पुरवणी प्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित असतात, नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. मंत्रालयांचे वार ठरलेले आहेत, अर्थमंत्रालयाचा लोकसभेत सोमवार आणि राज्यसभेत मंगळवार.

जुना_कक्षअधिकारी

वस्त्रनगरीकर, तुमची तळमळ पोचली. पण प्रश्न असाच गेला तर उत्तर काय येईल ते मी आत्ताच सांगू शकतो. "परतावे कायद्यातील तरतुदींनुसार निकाली काढले जातात. प्रक्रिया सुलभ करण्यासाठी सरकारने पुढील पावले उचलली आहेत", आणि त्याखाली पानभर परिपत्रकांची यादी. माझी बरीच नोकरी दिल्लीत महसूल विभागात अशा उत्तरांचे मसुदे करण्यात गेली, म्हणून हे खात्रीने सांगतो. "कोणती पावले उचलली" हा भाग प्रश्नात दिसला की आमच्याकडे सुटकेचा श्वास घेतला जायचा. पावलं नेहमीच उचललेली असतात. तो भाग आधी काढा.

प्रश्न आत कसा फिरतो ते सांगतो, म्हणजे मसुदा कुठे धरायचा ते कळेल. लोकसभा सचिवालयाकडून प्रश्न मंत्रालयाच्या संसद कक्षात येतो, तिथून विषयाप्रमाणे विभागाकडे. अर्थमंत्रालयात महसूल, खर्च, आर्थिक व्यवहार, वित्तीय सेवा असे वेगळे विभाग आहेत. जीएसटी परतावा असेल तर महसूल विभाग आणि त्याखालचं अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ. मग सगळ्या झोनना (एका झोनखाली अनेक आयुक्तालयं असतात) ईमेल जातो, "आज संध्याकाळपर्यंत माहिती पाठवा." आलेले आकडे जुळवायचे, तक्ता करायचा, हिंदी आणि इंग्रजी दोन्ही प्रती तयार करायच्या, वर सही घेत घेत मंत्र्यांपर्यंत जायचं. तारांकित असेल तर शिवाय पुरवणी प्रश्नांच्या तयारीची जाडजूड फाईल. खासदार काय विचारतील याचा अंदाज बांधून त्या टिपा लिहायच्या, आणि त्या दिवशी अधिकाऱ्यांनी सभागृहातल्या गॅलरीत बसायचं.

बाहेरच्यांना वाटतं खरी परीक्षा मंत्र्यांच्या भाषणात असते. आमच्या जिवाला घोर असायचा तो तक्त्याचा. एकदा आकडा पटलावर गेला की तो सरकारचा आकडा. चुकला तर मंत्र्यांना सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं. पुढच्या अधिवेशनात दुसरा खासदार तोच आकडा घेऊन उभा राहतो, लेखापरीक्षणवाले तो वाचतात, वकील न्यायालयात जोडतात. म्हणून मी म्हणतो, कारण विचारू नका, मत विचारू नका. आकडा मागा. आणि असा आकडा मागा, जो दिल्याशिवाय सुटका नाही.

त्यासाठी अतारांकित पुरेसा आहे. तारांकितसाठी सोडत निघते, वीसमध्ये नंबर लागला तरी तासाभरात मोजकेच प्रश्न तोंडी होतात, बाकीच्यांना लेखी उत्तरच मिळतं. एका सदस्याचा दिवसाला एकच तारांकित लागू शकतो. तुमचे खासदार वस्त्रोद्योगावर तयारीने बोलणारे असतील तर तारांकित जरूर द्या, पण दोन पुरवण्या त्यांच्या हातात लिहून द्या.

आता तुमच्या मसुद्याकडे. "इचलकरंजी येथील यंत्रमागधारक" अशी वर्गवारी खात्याच्या नोंदीत नसते. नोंद असते आयुक्तालयानुसार आणि परताव्याच्या प्रकारानुसार. तुमचा प्रकार "उलटी कररचना", म्हणजे खरेदीवर जास्त कर आणि विक्रीवर कमी. तुमचं आयुक्तालय कोल्हापूर, ते पुणे झोनमध्ये येतं. झोननिहाय मागितलंत तर पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांच्या रकमांमध्ये तुमचे यंत्रमाग दिसणारही नाहीत. आयुक्तालयनिहाय मागा. एखाद्या व्यक्तीचं किंवा फर्मचं प्रकरण तर अजिबात घालू नका. करदात्याची माहिती गोपनीय आहे असं सांगून उत्तर तिथेच संपतं.

सर्वांत महत्त्वाचं त्रुटीपत्र, म्हणजे आरएफडी-०३. ते निघालं की नवा अर्ज करावा लागतो आणि ६० दिवसांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू होतं. म्हणून तुम्ही फक्त "६० दिवसांवर प्रलंबित किती" विचारलंत तर आकडा अगदी गोंडस येईल, आणि तो खोटाही नसेल. विचारायचं हे की एकूण अर्ज किती, त्यांपैकी किती अर्जांवर आरएफडी-०३ निघालं, आणि एकाच करदात्याला एकाच कालावधीसाठी एकाहून अधिक वेळा त्रुटीपत्र दिल्याची प्रकरणं किती. हे तुम्ही विचारा, माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्यासारखे कितीतरी लोक या एका आकड्यासाठी अडून बसलेत आणि तो कुणी मागत नाही.

दुसरं, व्याज. जीएसटी कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे ६० दिवसांनंतर ६ टक्के व्याज द्यायचं असतं. "उशिरा मंजूर झालेल्या परताव्यांवर किती व्याज दिले" असं विचारा. उशीर किती झाला आणि व्याज किती गेलं हे दोन आकडे शेजारी आले की पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो.

"ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही" असं उत्तर येऊ शकतं. त्याची वाट आधीच बंद करा. २६ सप्टेंबर २०१९ पासून परताव्याची सगळी प्रक्रिया पोर्टलवर आहे, अर्जापासून मंजुरीपर्यंत. तेव्हा प्रश्नातच "जीएसटी पोर्टलवरील नोंदींनुसार" हे शब्द घाला. आणि "माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल" असं आलं तर निराश होऊ नका. ते आश्वासन ठरतं. आश्वासनांवर नजर ठेवणारी संसदेची वेगळी समिती आहे, ते साधारण तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. फक्त तुम्ही तारीख लिहून ठेवा आणि खासदारांना आठवण करा. पाठपुरावा करणारं कुणी नसलं की आश्वासन तसंच पडून राहतं, हे मी फार जवळून पाहिलंय.

एका प्रश्नाने काय होतं असं वाटत असेल तर १९५७ साल आठवा. एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले का, असा साधा प्रश्न सप्टेंबरमध्ये लोकसभेत आला. उत्तर मोघम होतं. काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधींनी ते सोडलं नाही आणि डिसेंबरमध्ये सभागृहात कागदोपत्री सगळं मांडलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा आयोग नेमला गेला, सुनावणी मुंबईत, लोकांसमोर झाली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

रेवती_मुंबई

कक्षअधिकारी काका, प्रतिसाद छापून ठेवतेय. मी आमदारांच्या कार्यालयात काम करते, त्यामुळे एक गोष्ट जोडते.

दादा, तुमचे सगळे यंत्रमागधारक केंद्राकडे आहेत का हे आधी बघा. दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांपैकी ९० टक्के राज्याकडे आणि १० टक्के केंद्राकडे, दीड कोटींवर निम्मे निम्मे, अशी वाटणी झालेली आहे. म्हणजे तुमच्याकडच्या लहान लोकांपैकी बहुतेक राज्याच्या वस्तू व सेवाकर विभागाकडे असणार. त्यांचा प्रश्न लोकसभेत विचारलात तर "राज्याशी संबंधित" म्हणून हातातून जाईल. तो आमदारांमार्फत विधानसभेत गेला पाहिजे.

आमच्याकडची उत्तरं तर ठरलेली. "(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही." पहिल्या भागात "हे खरे आहे काय" विचारलं आणि त्यात एखादा शब्द जरी चुकला, तरी "खरे नाही" म्हणून खालचे सगळे भाग बाद होतात. हातकणंगले तालुक्याऐवजी इचलकरंजी तालुका असं लिहिलं म्हणून बाद झालेला प्रश्न मी पाहिलाय. इतक्या कष्टाने माणसं प्रश्न आणतात आणि तो असा वाया जातो, फार वाईट वाटतं. म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्र उभा राहील असा लिहा. विषय तातडीचा असेल तर लक्षवेधीसाठी आमदारांना सांगा. लागली तर मंत्र्यांना सभागृहात निवेदन करावं लागतं.

आणखी एक, मनापासून सांगते. मसुदा कागदावर द्या, तिथेच थांबा. सदस्यांचा प्रश्न भरायचा लॉगिन मागू नका, कुणी देऊ केला तरी घेऊ नका, भेटवस्तू वगैरे काही नको. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांचं सदस्यत्व गेलंय. लोकांनी प्रश्न सुचवणं हा आपला हक्क आहे, तो स्वच्छ राहू दे.

मुठाकाठ

पुण्यात इतिहास शिकवतो. या धाग्यावर गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलात, म्हणजे ब्रिटिशकाळातल्या कायदेमंडळात, प्रश्न विचारता येऊ लागले, पण पुरवणी प्रश्नाची सोय नव्हती आणि अर्थसंकल्पावर मतदानही नव्हतं. गोखल्यांच्या हाती वर्षातून एक भाषण. मार्च १९०२ च्या पहिल्याच भाषणात त्यांनी सरकारचे शिलकी आकडे घेतले आणि दाखवून दिलं, की दुष्काळात लोक मरत असताना ही शिलक म्हणजे गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला कर आहे. आकडे सरकारच्याच पुस्तकांतले. ते जमवून ताडून पाहायला गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारखे शिक्षक त्यांच्या पाठीशी होते. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची सूट ५०० वरून १,००० रुपयांपर्यंत गेली. त्यांची मागणी दोन्हींची होती.

तुमच्या कामाचं म्हणजे, मसुदा करण्यापूर्वी याच विषयावरची जुनी उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर वाचा. सरकारने आधी दिलेला आकडा तुमच्या प्रश्नात असेल तर तो नाकारता येत नाही.

वस्त्रनगरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी तपासली. रेवतीताई, तुमचं बरोबर निघालं, बहुतेक लहान लोक राज्याकडेच आहेत. आता दोन प्रश्न करतोय, एक आमदारांकडे, एक खासदारांकडे. खासदारांचा असा:

"वित्त मंत्री पुढील बाबी सांगण्याची कृपा करतील काय:
(अ) जीएसटी पोर्टलवरील नोंदींनुसार, गेल्या तीन आर्थिक वर्षांत उलट्या कररचनेखालील परताव्याचे किती अर्ज केंद्रीय कार्यालयांकडे आले, वर्षनिहाय व आयुक्तालयनिहाय;
(ब) त्यांपैकी किती अर्जांवर आरएफडी-०३ देण्यात आले आणि एकाच कालावधीसाठी एकाहून अधिक वेळा ते दिल्याची प्रकरणे किती;
(क) पहिल्या अर्जापासून मंजुरीपर्यंत ६० दिवसांहून अधिक काळ लागलेली प्रकरणे किती व त्यांची रक्कम किती;
(ड) कलम ५६ अन्वये दिलेले व्याज किती, आणि
(इ) कृत्रिम धाग्यावरील पूर्वीच्या दरामुळे लघुउद्योगांचे झालेले नुकसान सरकारला मान्य आहे काय?"

जुना_कक्षअधिकारी

(क) मध्ये "पहिल्या अर्जापासून" हे शब्द घातलेत, फार चांगलं केलंत. तेच या प्रश्नाचं बळ आहे, ते कुणी गाळायला सांगितलं तरी गाळू नका.

(इ) काढा. तुमचा राग रास्त आहे, पण दर जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात, परिषद घटनेच्या कलम २७९अ खाली आहे, एवढंच उत्तर येईल आणि तो परिच्छेद तुमच्या तक्त्याच्या वर बसेल. शिवाय मत मागणारा भाग असला की लोकसभा सचिवालय हरकत घेऊ शकतं. शब्दमर्यादा १५० आहे, तुम्ही आत आहात. त्या जागी "कोल्हापूर आयुक्तालयाची माहिती स्वतंत्रपणे द्यावी" एवढं जोडा.

तक्ता पटलावर आला की त्याची प्रत घेऊन संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीला निवेदन पाठवा. सरकारी हिशोब तपासणाऱ्या लोकलेखा समितीच्या अध्यक्षांनाही एक प्रत. तिथे २२ सदस्य असतात, मंत्री नसतो, अध्यक्ष १९६७ पासून विरोधी पक्षाचा. तिथे महसूल सचिवांना समोर बसून उत्तरं द्यावी लागतात आणि "वेळ संपली" म्हणून सुटता येत नाही. निवेदनाचा मसुदा झाला की इथेच टाका, मी रात्री बसून वाचतो.