सदाशिव पेठेत सामानासह वन आरके: अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागते का?

प्रश्न:
नोकरीनिमित्त मी पुढील महिन्यात पुण्यास येत आहे. सदाशिव पेठेत वाडा पाडून बांधलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील वन आरके मला पसंत पडले आहे. पलंग, कपाट, गीझर व लहान फ्रिज यांसह भाडे १४,००० रुपये आणि अनामत ५०,००० रुपये ठरले आहे. करार अकरा महिन्यांचाच असल्यामुळे नोंदणीची गरज नाही, साध्या स्टॅम्पपेपरवर सही पुरेल, असे मालक म्हणतात. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद १:
बरोबर नाही. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्यात सूट असल्यामुळे अकरा महिन्यांची प्रथा पडली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार येथे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याच्या परवानगीचा) करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृतच असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे मालकांनाही नोंदणी टाळण्यात लाभ नाही. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागते, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे ४०० रुपये. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. आधार क्रमांक व अंगठ्याच्या ठशाने ही नोंदणी ऑनलाइन होते. पुढे गॅस जोडणीसाठी किंवा बँकेत पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार उपयोगी पडेल.

प्रतिसाद २:
करारासोबत सामानाची यादी जोडण्याचा आग्रह अवश्य धरावा. मी नारायण पेठेत राहत असताना कपाटाचे आधीपासूनच निखळलेले दार माझ्या अनामतीतून वळते करण्यात आले, कारण यादीत केवळ "कपाट १" एवढेच लिहिले होते. तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूची अवस्था लिहून, ताबा घेण्याच्या दिवशीचे फोटो मालकांना पाठवून ठेवतो. विजेचे मीटर स्वतंत्र आहे का, हेही विचारावे. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात; तीन खोल्यांचे एकच मीटर असेल, तर एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जातो आणि आपण कमी वीज वापरली तरी आपल्या वाट्याला महाग युनिट येते. गीझर असताना हा फरक जाणवण्याजोगा असतो.

प्रतिसाद ३:
मी याच पेठेत लहानाची मोठी झाले आहे, म्हणून जागेविषयी लिहिते. पाणी कोणत्या वेळी येते आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत दाबाने चढते का, हे शेजाऱ्यांना विचारावे. दुचाकीची जागा करारात नोंदवावी, कारण गल्लीत ती मिळत नाही. मंडई व कसबा पेठ ही मेट्रो स्थानके सप्टेंबर २०२४ पासून सुरू असल्यामुळे गाडीवाचूनही आपले निभावेल. गणेशोत्सवात, विशेषतः अनंत चतुर्दशीला, लक्ष्मी रस्ता व आसपासचे रस्ते वाहनांना बंद असतात आणि विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या दिवसांत सामान हलवण्याचे ठरवू नये. मला स्वतःला तो उत्सव दारात असणे हेच पेठेतल्या घराचे मोठे सुख वाटते.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचा आभारी आहे. मालकांशी आज बोललो. नोंदणीस ते तयार आहेत, मुद्रांक शुल्क व फी निम्मी-निम्मी वाटून घेऊ. मीटर मात्र खालच्या मजल्याशी सामायिक निघाले. स्वतंत्र मीटर बसल्यावरच अनामत देईन, असे त्यांना कळवले आहे.