ऑनलाइन पुस्तक परीक्षण वाचून भलत्याच ठिकाणी हसू फुटलंय का कधी?

मंडळी, काही परीक्षणांत पुस्तक सोडून सगळं असतं. लिहिणारा भयंकर गंभीर आणि आपण इकडं पोट धरून. माझ्या ओळखीतल्या एकानं रहस्यकथेवर लिहिलेलं, "इथे खुनी कोण हा प्रश्नच गौण ठरतो." बरं. पुढचं वाक्य, "कारण डॉक्टरचे अपराधी असणे हे आपल्या सामूहिक नेणिवेचेच अपराधीपण आहे." झालं! नवी पेठेतून पुस्तक आणून अजून पिशवीतनं काढलं पण नव्हतं मी. तुमचे नमुने येऊ द्या, सोलापूरकरांनी तर लिहाच, आपल्याकडं कौतुक "बरंय बे" एवढ्यात उरकतं त्यामुळं हे जरा जास्तच चढतं. पुस्तकांची नावं चालतील, लिहिणाऱ्यांची नकोत.

धोटा
आमच्या अण्णांचं आयुष्य जेकार्डवर चादरी विणण्यात गेलं. एका कादंबरीवर कुणीतरी लिहिलेलं, "कथानकाचे ताणेबाणे उसवत जातात, तसतशी वीण अधिकच घट्ट होते." मी मोठ्यानं वाचलं. अण्णा पेपरातनं मान वर न काढता, "उसवतंय तर घट्ट कसं होतंय बे? आमच्या मालकानं असला माल परत पाठवला असता." आता घरात कुणी जड बोलायला लागलं की अण्णा एवढंच म्हणतात, "घट्ट होलालंय."

माणदेशी भाचा
मामा सांगोल्याकडचे, माडगूळकरांची बनगरवाडी त्यांची लाडकी. १९५५ चं पुस्तक, वाक्यं कसली छोटी छोटी, शाळेतल्या पोरालाही कळतील अशी. त्यावर कुणीतरी लिहिलं होतं "परिघावरील अस्तित्वाची मौन वाटाघाट", आणि मग पुढं फ्रान्सचे विचारवंत एकामागून एक. मामांना फोनवर वाचून दाखवलं तर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेंढरं कुठायत ह्यात?" खरंच की, अख्ख्या परीक्षणात एक मेंढरू नाही, तालीम नाही, आणि ज्या दुष्काळानं शेवटी वाडीच उठते त्या दुष्काळाचा पण पत्ता नाही. विचारवंतांची यादी ऐकून मामा म्हणाले, "दुष्काळात एवढं पाव्हणं कशाला बोलावलं?"

कडक भाकरी
नेमाड्यांच्या कोसलावर लिहिणारा प्रत्येक जण आपोआप त्यातला "उदाहरणार्थ", "वगैरे" करत बोलणारा पांडुरंग सांगवीकर होतो वगैरे. पुस्तक १९६३ चं, पण लागण अजून चालू. उदाहरणार्थ माझा रूममेट. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास सोडून त्यानं लांबलचक परीक्षण टाकलं आणि नंतर मेसमध्ये पण "मावशी, उदाहरणार्थ भाजी वगैरे वाढा" चालू. मावशींनी भाजी वाढली, वगैरे मात्र बंद केलं, म्हणजे शेंगाचटणी.

सात रस्ता
"पुस्तक अद्याप वाचलेले नाही, परंतु त्याच्या असण्यानेच माझे कपाट अस्वस्थ आहे." पाच स्टार. त्याच्याच खाली एक जण, "पार्सल भिजलेलं आलं", एक स्टार. मला दुसरा जवळचा वाटला.

पार्क चौक
हसतोय मी पण, तरी एक सांगू का, ही भाषा लोक कुठून उचलतात? एम.ए.ला साधं "मला हे पात्र आवडलं, कारण" असं लिहिलं की आमचे सर मार्क कापायचे आणि "बहुस्तरीय संहिता" लिहिलं की खूश. आणि पुस्तकांची मलपृष्ठं बघा की, तिथं तर सगळंच अंतर्मुख करणारं असतं. लिहिणाऱ्याला वाटतं शहाण्यासारखं दिसायचं तर असंच लिहायला लागतं. पण आमच्या वाचनालयात एका जाड कादंबरीत कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलंय, "पहिली चाळीस पानं सोसा, पुढं मजा आहे." एवढं उपयोगी परीक्षण ऑनलाइन मला तरी सापडलेलं नाही (पुस्तकावर लिहू नये, मान्य).

भाजणीवाली
माझा नमुना पाककृतींच्या पुस्तकाचा. साधं वाटी-चमच्याच्या मापाचं पुस्तक हो, तर त्यावर बाईंनी लिहिलं, "ही केवळ पाककृती नव्हे, स्त्रीच्या अव्यक्ताचा हा धुमसता दस्तऐवज." खाली एका मुलीनं बिचारीनं विचारलं, काकू, ह्यातल्या भाजणीच्या चकल्या मऊ पडतात का? तर बाईंचं उत्तर आलं, चांगलं मोठं, चार परिच्छेद, त्यात चूल आली, धूर आला, आजीचे हात आले, पितृसत्ता पण आली. मुलीनं परत विचारलं, "म्हणजे मोहन जास्त घालू का कमी?"