मदत हवी आहे: बागेतलं मिग-२१ सँडब्लास्टिंगपासून कसं वाचवू?

नमस्कार मंडळी,

थेट मुद्द्यावर येतो, कारण हातात आठवडाच आहे. आमच्या गावात बसस्टँडसमोरच्या बागेत हवाई दलाचं एक जुनं लढाऊ विमान, मिग-२१, उभं आहे. नव्वदचं दशक संपता संपता ते ट्रेलरवरून आलं, धड वेगळं, पंख वेगळे. ते उतरवताना बघायला आमची शाळा अर्ध्या दिवसात सोडली होती. तेव्हापासून ते ऊन, पाऊस आणि पोरांच्या घसरगुंडीचा मार खात उभं आहे.

आता त्याचं सुशोभीकरण मंजूर झालंय. कामाचा अंदाज मी स्वतः वाचला. आधी सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा करून जुना रंग आणि गंज काढणं), भोकं पडलीत तिथे पत्रा वेल्डिंग करून लावायचा, वरून पुट्टी आणि शेवटी ऑइलपेंटचे दोन हात. म्हणजे जे लोखंडी गेटला करतात तेच. पुढच्या सोमवारी बैठक आहे आणि मला पाच मिनिटं बोलायला मिळणार आहेत. तिथे "असं करू नका" एवढंच म्हणून भागणार नाही, "मग काय करायचं" हे लेखी द्यावं लागेल. त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

माझा जीव यात का अडकलाय तेही सांगतो. माझे वडील १९६८ मध्ये नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात लागले आणि निवृत्तीपर्यंत एअरफ्रेमवरच, म्हणजे विमानाच्या सांगाड्यावरच, होते. मिगचं काम तेव्हा तीन ठिकाणी वाटलेलं होतं: सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. मिग-२१ च्या आवृत्त्यांपैकी ओझरहून आधी एफएल बाहेर पडली (वडील अजून 'टाइप ७७' म्हणतात), मग एम, मग बिस. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, तो कार्यक्रम त्यांनी टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिला आणि संध्याकाळी मला म्हणाले, "मला बागेतल्या विमानाकडे घेऊन चल."

गेलो. त्यांना आता नीट दिसत नाही. पंखाच्या मुळाशी हात ठेवून ते रिव्हेटांच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) ओळीवरून बोटं फिरवत पुढे सरकत गेले. एका जागी थांबले, नखाने रंगाचा फुगा फोडला, तर आतून पांढरी भुकटी हातावर आली. मी वाकून पाहिलं. पत्र्याची कड अक्षरशः चिरोट्यासारखी सुटली होती, एकावर एक पापुद्रे. "हे आतून चाललंय," वडील म्हणाले. "वरून रंग दिलात तर झाकलं जाईल आणि जोरात वाढेल."

नंतर मी दोन रविवार शिडी लावून सगळं विमान तपासलं. जे दिसलं ते असं. नाकातल्या हवेच्या वाटेत साळुंक्यांची जुनी घरटी खच्चून भरलेली आहेत, मागच्या नळकांड्यात मधमाश्यांचं रिकामं पोळं आहे. तिन्ही चाकं अर्ध्यापर्यंत काँक्रीटमध्ये गाडली आहेत, त्यामुळे पावसाळ्यात तिथे पाणी साचतं आणि चाकांच्या हबचा मॅग्नेशियमचा भाग जवळपास विरघळून गेलाय. मागच्या रंगकामात कुणीतरी सुटलेल्या रिव्हेटांच्या जागी साधे लोखंडी स्क्रू पिळलेत. त्या प्रत्येक स्क्रूभोवती पांढरं कडं धरलंय आणि मधोमध तांबडा ओघळ. कॉकपिटची काच पिवळी पडून तडकली आहे. शेपटीवरचा नंबर पेंटरने दुसऱ्याच कुठल्यातरी विमानाच्या फोटोवरून लिहिलाय, त्यामुळे हे विमान नेमकं कुठलं हेच आज गावात कुणाला ठाऊक नाही. वडिलांचं म्हणणं आहे की काढता येणाऱ्या झाकणांच्या आतल्या बाजूला विमानाचा नंबर टाकलेला असतो, एकाचं झाकण दुसऱ्याला लागू नये म्हणून. पण झाकणांचे स्क्रू रंगाखाली गच्च बसलेत. जबरदस्ती केली तर खाचा जातील, म्हणून हात लावला नाही.

तर माझे प्रश्न. सँडब्लास्टिंगला पर्याय काय सुचवू? सडलेल्या पत्र्याचं काय करायचं, कापायचा की आहे तसा थांबवता येतो? आहे त्या पैशात (मोठी रक्कम नाही) आधी काय करावं आणि काय पुढे ढकललं तर चालेल? आणि हे विमान खरं कुठलं, ते न उघडता कळण्याचा काही मार्ग आहे का? कुणी संग्रहालयात किंवा हवाई दलाच्या देखभाल विभागात काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद – जुना_एअरफ्रेमवाला

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. बोटांनी गंज ओळखणारी माणसं आता फार थोडी उरली.

सगळ्यात आधी सुरक्षितता. कॉकपिटमध्ये कुणालाही चढू देऊ नका. या विमानाची सीट संकटात वैमानिकाला काडतुसांच्या जोरावर बाहेर फेकते. विमान बाहेर देताना ती काडतुसं काढलेली असतात, पण ती काढल्याची नोंद हाती येत नाही तोवर सीटच्या कुठल्याही दांडीला, हँडलला हात लावायचा नाही. वेल्डिंग तर अजिबात नको. टाक्यांच्या कोपऱ्यात जुनं इंधन राहिलेलं असू शकतं. मॅग्नेशियमने पेट घेतला तर पाणी मारून तो विझत नाही, उलट भडकतो. शिवाय विमानाचा पत्रा ड्युरलचा असतो, आणि ड्युरल हा उष्णतेवर तयार केलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. वेल्डिंगच्या आचेने त्याची ताकद जाते आणि जोडाशेजारी तडे पडतात. तो पत्रा रिव्हेटनेच जोडायचा.

सँडब्लास्टिंग का नको ते बैठकीत असं सांगा: ड्युरलच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो, तोच गंजापासून वाचवतो. वाळूचा मारा आधी तो थर खातो, मग पातळ पत्रा लाटेसारखा वाकवतो, आणि उरलेली वाळू सांध्यांत घुसून ओल धरून बसते. लोखंडी तारेचा ब्रशही तितकाच वाईट, त्याचे कण पत्र्यात रुतून नवा गंज सुरू करतात.

आता काय करायचं ते. साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, प्रेशर कमी ठेवा, सांध्यांवर थेट फवारा नको. त्याआधी पोटाखालची सगळी निचऱ्याची छिद्रं शोधून मोकळी करा. ती हमखास रंगाने बुजलेली असतात आणि विमान आतून हौदासारखं भरतं. हे काम जवळजवळ फुकट आहे आणि माझ्या मते निम्मं विमान यानेच वाचतं. घरटी काढून नाकाला आणि मागे जाळी लावा, पत्र्याने बंद करू नका, वारा खेळला पाहिजे. लोखंडी स्क्रू काढून ॲल्युमिनियमचे रिव्हेट लावा. काँक्रीट छिन्नीने हळूहळू फोडा आणि वजन टायरवर न ठेवता जॅकच्या ठरलेल्या जागांखाली स्टँडवर घ्या. रंग सुकाच घासायचा नाही. खालच्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक, म्हणून ओलं घासायचं, मास्क लावून. काचेला थिनर किंवा पेट्रोल लावाल तर जाळीसारख्या चिरा पडतील.

पापुद्रे सुटलेला पत्रा मात्र परत जुळत नाही. तेवढाच भाग साफ करून, प्रायमर देऊन, आतून नवी पट्टी रिव्हेट करायची. जुना तुकडा फेकू नका, लेबल लावून ठेवा.

आणि ओळखायचं सोपं आहे. नाकावरची लांब पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी) वर मधोमध असेल आणि कॉकपिटचं झाकण पुढच्या बिजागरीवर उघडणारं असेल तर ते एफएल. नळी उजवीकडे सरकलेली आणि झाकण बाजूला उघडणारं असेल तर एम किंवा बिस. पोटात २३ मिलिमीटरच्या तोफेची जागा दिसते का तेही बघा. एफएलमध्ये आतली तोफ नव्हती, लागली तर पोटाखाली तोफेचा वेगळा पॉड (खोका) टांगत.

प्रतिसाद – वाऱ्यावरची_वही

रंगाबद्दल एक विनंती. सगळा खरवडण्याआधी शेपटीवर जुन्या नंबराच्या जागी हाताच्या पंजाएवढी एक खिडकी करा. ओल्या बारीक पॉलिश पेपरने एकेक थर उतरवत जायचं, पायऱ्यांसारखं, आणि प्रत्येक थराचा फोटो काढायचा. खरा नंबर खाली जिवंत असण्याची शक्यता खूप आहे.

आणि ओळख पटली की काय होतं त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण आपल्याकडचंच आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या आवारात एक हरिकेन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, कित्येक वर्षं उघड्यावर पडून होतं. १९८२ मध्ये जुन्या रोल्स-रॉइस गाड्या शोधत आलेल्या पीटर वाचर या इंग्रज माणसाने ते पाहिलं. पुढे त्याचा नंबर कळला, आर४११८: १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे जर्मनीविरुद्धच्या हवाई लढाईत, लढलेलं विमान. २००१ मध्ये ते इंग्लंडला गेलं आणि २००४ च्या डिसेंबरात परत उडालं. नंबर कळला नसता तर ते भंगारच होतं. ते आपल्याकडे राहिलं नाही याची मला हळहळ वाटते, पण जिवंत राहिलं हेही खरं.

बैठकीत "उघड्यावर असलं म्हणून काय झालं" असं कुणी म्हणालं तर 'मेम्फिस बेल' सांगा. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराने १९४६ मध्ये हे बी-१७ बॉम्बर ३५० डॉलरला विकत घेतलं आणि अनेक वर्षं उघड्यावर ठेवलं. लोकांनी आतली यंत्रं उपसून नेली. शेवटी २००५ मध्ये ते डेटनच्या अमेरिकी हवाई दल संग्रहालयाने ताब्यात घेतलं आणि १३ वर्षं काम करून मे २०१८ मध्ये लोकांसमोर आणलं.

मात्र आपलं विमान कोरं करकरीत दिसावं असा हट्ट धरू नका. इंग्लंडमधल्या कॉसफर्डला आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियमने २०१३ मध्ये समुद्रातून काढलेलं दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन डॉर्निये विमान सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाचे फवारे मारून धुतलं, नवं करायला घेतलं नाही. तुमच्या वडिलांच्या पिढीने मारलेले रिव्हेट दिसले पाहिजेत, पुट्टीखाली गेले तर उरलं काय?

प्रतिसाद – दाबोळीची_वाट

गोव्यातून. आमच्याकडे नौदलाच्या हवाई संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन, अलिझे, सी हॉक ही जुनी विमानं उघड्यावर उभी आहेत आणि समुद्राची खारी हवा काय करते ते मी दर पावसाळ्यानंतर बघतो. तुमच्याकडे खारं वारं नाही ही मोठी जमेची बाजू. पैसे उरले तर रंगावर घालण्याआधी छत करा. भिंती नकोत, फक्त उंच पत्र्याचं छत, दोन्ही बाजूंनी वारा. काचेला आणि टायरला उन्हापासून वाचवणारा दुसरा स्वस्त उपाय मला माहीत नाही. आणि विमान दिलं तेव्हाचं पत्र शोधून काढा. ते कशा अटींवर दिलंय ते कागदावर असेल, आणि अट दाखवली की बैठकीत तुमचा आवाज वाढेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बैठक झाली. सँडब्लास्टिंग आणि वेल्डिंग दोन्ही कामातून काढलं, छताचा विषय पुढच्या वर्षावर गेला. पत्र अजून सापडलेलं नाही, शोध चालू आहे.

पिटो नळी मधोमध आहे आणि झाकणाची बिजागरी पुढे. एफएल! वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "मग ते माझ्या पहिल्या वर्षांतलं." शेपटीवर खिडकी केली, तिसऱ्या थराखाली इंग्रजी सी आणि पुढे एक चार दिसतोय, बाकी आकडे पुढच्या रविवारी.

काल निचऱ्याची छिद्रं मोकळी केली. वडील खुर्ची टाकून खाली बसले होते, कुठे टोचायचं ते सांगत. नाकाच्या मागच्या तिसऱ्या छिद्रातला रंग निघाला आणि काळं पाणी गळायला लागलं. पाऊस जाऊन दोन महिने झालेत, तरी बादली भरली.

आता नवा प्रश्न: हबचं मॅग्नेशियम जे उरलंय ते काँक्रीट फोडताना तुटू नये म्हणून विमान आधी उचलून घ्यावं की आधी फोडावं? एफएलच्या जॅकच्या जागा नेमक्या कुठे आहेत ते कुणी हाताने काढून दाखवू शकेल का?