0.3 सेकंदांनी हुकणाऱ्या सुवर्णाबद्दल

ग्रान टुरिस्मो 7 या कार-रेसिंग गेमच्या लायसन्स टेस्टमध्ये (वेळेनुसार पदक देणारी ड्रायव्हिंगची परीक्षा) रौप्य मिळतं, सुवर्ण 0.3 सेकंदांनी हुकतं, काय करू, असं एकाने विचारलंय. त्यावर ‘ब्रेक अजून उशिरा दाबा’ हा सल्ला आलाय. मला तो पटत नाही. उशिरा ब्रेक दाबला की गाडी वळणाच्या आतल्या कडेला टेकतच नाही, बाहेर पसरते. मग अ‍ॅक्सिलरेटर उशिरा मिळतो आणि पुढची अख्खी सरळ पट्टी मंद जाते. कसारा घाट उतरताना वेग वळणाआधीच मोडतात ना, तसंच इथे.

ब्रेकची जागा अंदाजावर ठेवू नका. 100 मीटरचा फलक, कुंपणाचा सांधा, काहीतरी एक धरा. चाकं सरळ असताना एल2 (कंट्रोलरवरचं ब्रेकचं बटण) पूर्ण दाबा आणि गाडी वळवायची स्टिक वळवायला लागलात की ते हळूहळू सोडत जा. टायरची पकड मर्यादित असते. पूर्ण ब्रेक आणि पूर्ण वळण एकदम मागितलं, की पुढची चाकं किंचाळतात आणि गाडी सरळच घसरते. तो आवाज आला की स्टिक आणखी वळवू नका, थोडी सैल करा.

ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून ताकद कमी करणारी सेटिंग) 1 वर आणा; जास्त ठेवलं तर वळणातून निघताना ताकद कापली जाते. गिअर मॅन्युअल घ्या.

आणि कॉलेज रोडच्या एखाद्या गेमिंग कॅफेत खेळत असाल, तर टीव्ही गेम मोडवर (चित्र उशिरा दिसू नये यासाठीची टीव्हीची सेटिंग) आहे का ते आधी बघा. नसेल तर बटण आणि गाडी यांत जाणवेल इतका उशीर होतो.