मण्यांचं शिल्प: जडवलेलं, विणलेलं की मढवलेलं?

एक शब्द अडलाय. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या शिल्पकार जॉयस स्कॉट (जन्म १९४८) यांच्या कामावर लिहितेय. बारीक काचमण्यांची माणसं करतात, त्यात फुंकून केलेली काच, जुन्या वस्तू असं काय काय घालतात, वंशभेदावर आणि हिंसेवर थेट बोलणारं काम आहे, २०१६ ला मॅकआर्थर फेलोशिप (तिकडचा मोठा सन्मान) मिळाली त्यांना. मी 'मणीजडित शिल्प' लिहिलं तर मैत्रीण म्हणाली सराफाची जाहिरात वाटते. काय लिहू?

प्रतिसाद:
जडित नकोच. जडवायला खाली सोनं, लाकूड काहीतरी लागतं. स्कॉट यांचा टाका पेयोटी, त्यात खाली काहीच नसलं तरी चालतं. सुईत एक मणी घ्यायचा, मागच्या ओळीतला एक सोडून पुढच्यातून सुई काढायची की नवा मणी नेमका खाचेत बसतो, असं करत गेलं की मण्यांचंच कापड होतं आणि मणी वाढवून घटवून त्याला फुगवटा देता येतो, म्हणून तर आकृती उभी राहते. हे विणणंच आहे. माझी आई रुखवतासाठी तंगूस घेऊन मोत्यांचं तोरण करायची तेव्हा 'विणतेय' म्हणायची, ओवायचा तो हार. तर 'मणी विणून केलेलं शिल्प' लिहा.

प्रतिसाद:
सहमत, पण सगळ्याच मणीकामाला विणलेलं म्हणू नका हं. अमेरिकन कलाकार लायझा लूचं 'किचन' बघा, १९९१ ते १९९६ अशी पाच वर्षं लागली, खऱ्या मापाचं स्वयंपाकघर, नळाचं पाणीसुद्धा मण्यांचं, आणि मणी चिमट्याने गोंदावर लावलेले. ते 'मण्यांनी मढवलेलं'.

प्रश्न विचारणारी:
मढवलेलं! हेच सुचत नव्हतं. आता 'टेक्स्चर'चं सांगा. पोत लिहिलं तर वाचणाऱ्याला गळ्यातली पोत आठवेल का?

प्रतिसाद:
आठवू दे की! तो पोत म्हणजे कापडाची वीण, ती पोत काळ्या मण्यांची, जी आजी पटवेकऱ्याकडून गाठवून आणायची (ओवून नाही, गाठवून, हाही शब्द जपा). गोंधळात पेटवतात तो देवीचा पोत आणखी वेगळा. 'शिल्पाचा पोत' लिहिलंत की लिंगावरूनच अर्थ कळतो. आणि स्कॉट यांची आई एलिझाबेथ टॅलफोर्ड स्कॉट क्विल्ट करायच्या ना, शिवणकाम लेकीकडे तिथूनच आलं. तिथे सरळ गोधडी लिहा.