राखेचा बुधवार : कपाळावरची राख पुसता की ठेवता?

इंदूरमधील मराठी ख्रिस्ती कुटुंबांना हा प्रश्न विचारावा, असे बरेच दिवस मनात होते. राखेचा बुधवार म्हणजे ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस. त्या दिवशीच्या मिस्सेत (चर्चमधील उपासनेत) बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाचा ६वा अध्याय वाचला जातो. उपास करताना तोंड धुवा, लोकांना दाखवू नका, असे त्यात येशू सांगतो आणि लगेच धर्मगुरू आपल्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात. मी स्वतः दरवर्षी घोटाळतो. आपापले अनुभव लिहावेत.

राजेंद्रनगरहून : मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. ते काम आमच्या चर्चमध्ये दोनदा माझ्याकडे आले. पहिल्या वर्षी सगळ्या झावळ्या घमेल्यात एकदम पेटवल्या, त्यामुळे मधल्या अर्धवट जळल्या आणि राखेत काड्याच काड्या राहिल्या. पुढच्या वर्षी थोड्याथोड्या जाळल्या, खलात कुटून मलमलीतून गाळल्या, तेव्हा कुठे काजळासारखी राख निघाली, तीही जेमतेम वाटीभर. इतक्या खटाटोपानंतर ती पुसायला माझा हात धजत नाही.

रामबागहून : मी बँकेत होते. सकाळची मिस्सा आटोपून काउंटरवर बसले की कोणीतरी आदराने विचारी, "उज्जैनला महाकालच्या देवळात जाऊन आलात का?" पहिल्या वर्षी गडबडीत मी "हो" म्हणून बसले, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्याच दिवशी खोटे बोलले! पुढे मात्र 'तू माती आहेस आणि मातीत परत जाशील' हे बायबलच्या 'उत्पत्ती' पुस्तकातील वचन ऐकवू लागले. त्यावर एक आजोबा म्हणाले, "भस्म तरी दुसरे काय सांगते?" प्रायश्चित्ताचा आमचा अर्थ वेगळा आहे, पण मागे रांग होती.

लोकमान्यनगरहून : राख पुसता येते, उपास लपवता येत नाही. आमच्याकडे १८ ते ५९ वयाच्यांनी त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचे, बाकी दोन वेळा थोडेसेच, आणि १४ वर्षांपुढे मांस वर्ज्य. शेजारच्या काकूंनी दिलेले पोहे मी "आज उपास आहे" म्हणून नाकारले, तर तासाभरात त्या साबुदाण्याची खिचडी घेऊन हजर! येथे पदार्थाचा नव्हे, प्रमाणाचा प्रश्न आहे, हे मी त्यांना अद्याप समजावू शकलेलो नाही.

पलासियाहून : २०२१ साली महामारीमुळे रोमहून आलेल्या सूचनेप्रमाणे आमच्या धर्मगुरूंनी राख लावतानाचे वचन सर्वांसाठी एकदाच उच्चारले आणि मुखपट्टी लावून, काही न बोलता, प्रत्येकाच्या डोक्यावर राख भुरभुरली. त्या वर्षी कोणीही काही विचारले नाही. रात्री केस विंचरताना फणीत थोडी राख आली, तेवढीच.